खोलीतली तिसरी खुर्ची

‘ताबा आईकडे, वडिलांना देखरेखीखाली भेटीची मुभा.’ कौटुंबिक वादाच्या बातमीत हे एवढंसं वाक्य अगदी शेवटी येतं आणि वाचणारा तिथे अडखळतो. ज्याने मुलाला मारलं, घाबरवलं असा आरोप आहे, त्याला भेटूच कशाला द्यायचं? आणि द्यायचंच, तर पोटच्या पोराला भेटताना मध्ये तिऱ्हाईत माणूस कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पुष्कळदा एकाच कुटुंबातले दोघे ते एकाच वेळी विचारत असतात, एक संतापून आणि दुसरा अपमानाने. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो ते मूल मात्र सहसा काहीच विचारत नाही. ते बघत बसतं. कोण कुठे उभं आहे, कोणाचा आवाज चढला, दार उघडं आहे की बंद. मुलाचं हे बघणं समजलं, की देखरेखीखालच्या भेटींमधलं बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

## आधी, ही भेट असते कशी?

मूल आणि पालक ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भेटतात. पूर्ण वेळ एक तिसरी, कोणाचीच बाजू न घेणारी प्रौढ व्यक्ती त्याच खोलीत असते. तिला आपण निरीक्षक म्हणू. दोघं दिसतील आणि दोघांचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ ती बसते, गरज पडली तर मध्ये पडते आणि घडलेलं लिहून ठेवते. कधी ही जागा समुपदेशक घेतो आणि भेट हाच उपचाराचा भाग होतो. कधी याउलट, भेटीत काहीच धोका नसतो. भडका उडतो तो मुलाला सोडताना-नेताना, आई-वडील समोरासमोर आले की. मग तेवढी दारातली पाच मिनिटंच देखरेखीखाली होतात.

अशी भेट ठरवली जाते ती मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असला, पालक व्यसनात बुडालेला असला, मूल पळवून नेण्याची भीती असली तर. पण काही वेळा कारण अगदी साधं असतं. इतकी वर्षं मध्ये गेलेली असतात, की मूल त्या माणसाला ओळखतच नाही. त्यामुळे ‘देखरेखीखाली’ हा शब्द दिसला म्हणजे आरोप सिद्ध झाला, असं समजू नये. कोर्टाचा निकाल अजून यायचा असतो, पण मूल तोवर थांबून राहत नाही. ते वाढतच असतं.

चांगल्या केंद्रात भेटणारा पालक मुलाच्या आधी येतो आणि मूल निघून गेल्यावर थोड्या वेळाने बाहेर पडतो. येण्या-जाण्याची दारंही शक्यतो वेगळी असतात. आई-वडिलांची गाठ पडू नये आणि कोणी कोणाचा पाठलाग करू नये, म्हणून ही काळजी.

नियमांची यादी वाचली तर मात्र ती तुरुंगातल्या मुलाखतीची वाटते. कानात कुजबुजायचं नाही. ‘घरी कधी येणार?’ विचारायचं नाही. दुसऱ्या पालकाची चौकशी नाही. आधी न दाखवता भेटवस्तू नाही. मूल आपणहून आल्याशिवाय मिठी नाही. पण एकेक नियम उलगडून पाहिला, की त्यामागे कुणाचा तरी अनुभव दिसतो. कुजबुज बंद, कारण अत्याचार बहुतेक वेळा ‘हे आपल्या दोघांतच ठेवायचं हं’ या वाक्याच्या आडोशाने चालतो. ‘घरी कधी येणार’ बंद, कारण उत्तर मुलाच्या हातात नसतं आणि न जाण्याचा दोष मात्र ते स्वतःकडे घेतं. भेटवस्तू आधी दाखवायची, कारण वस्तू कधीकधी निरोप घेऊन येते. एखादं ठरावीक खेळणं, एखादा रुमाल, ज्याचा अर्थ जगात फक्त त्या दोघांना ठाऊक असतो. आणि मिठी मुलाच्या मर्जीने, कारण ज्या शरीरावर दुसऱ्याचीच मर्जी चालली, त्याला ‘नको’ म्हणता येतं हे कळायला कुठून तरी सुरुवात व्हावी लागते.

## पण भेटायचंच कशाला?

आपण सहज बोलून जातो, ‘वडिलांचा भेटीचा हक्क’. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारातलं नववं कलम उलट्या बाजूने लिहिलेलं आहे. आई-वडिलांपासून किंवा त्यांच्यातल्या एकापासून दुरावलेल्या मुलाला दोघांशी नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क आहे, असं ते कलम म्हणतं. तिथेच अपवादही आहे: हे मुलाच्या हिताविरुद्ध जात असेल तर सोडून. म्हणजे हक्क मुलाचा आणि अपवादही मुलासाठीच. पालकाला किती वाईट वाटतं किंवा त्याला किती शिक्षा व्हायला हवी, याचा हिशेब दुसरीकडे व्हायचा. या खोलीत नाही.

पण ज्याने छळलं त्याला भेटण्यात मुलाचं हित ते काय? इथे मुलाच्या मनातला एक पेच समजून घ्यावा लागतो. लहान मूल घाबरलं की आई-बापाकडे धावतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. जगण्यासाठीची ती उपजत सोय आहे. पण भीतीचं कारणच आई किंवा बाप असेल तर धावायचं कुणाकडे? मेरी मेन आणि एरिक हेस या मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेला ‘ज्यातून सुटका नाही अशी भीती’ अशा अर्थाचं नाव दिलं. अशी मुलं पालकाकडे निघतात आणि मध्येच थिजतात. काही तर जवळ येतात, पण तोंड दुसरीकडे फिरवून. ओढ आणि धास्ती एकाच शरीरात, एकाच क्षणी.

संबंध एका फटक्यात तोडला, तर बाहेरचा पालक जातो आणि मनातला तसाच राहतो. उलट त्याला आता रान मोकळं मिळतं. एखाद्या मुलाच्या मनात तो राक्षस होऊन रात्री येतो. दुसऱ्याच्या मनात तो देवमाणूस होतो, आणि ‘मी नीट वागलो असतो तर बाबा गेले नसते’ हा हिशेब पक्का होत जातो. सुरक्षित खोलीत भेटलेला पालक मात्र खऱ्या मापाचा असतो. चुकणारा, कधी हसवणारा, थकलेला आणि मुख्य म्हणजे आता इजा करू न शकणारा.

हे प्रत्येकाला लागू पडत नाही, हेही इथेच सांगायला हवं. काही पालकांना भेट मिळूच नये. लैंगिक अत्याचार झालेला असेल आणि नुसत्या समोर येण्यानेही मूल उन्मळून पडत असेल, किंवा पालक भेटीचा वापर दुसऱ्या पालकाला धमकावण्यासाठी करत असेल, तर देखरेख कितीही चोख असली तरी उपयोग नाही. निरीक्षक हात धरू शकतो, पण एका नजरेने दिलेली धमकी त्याला अडवता येत नाही. मूल ठामपणे ‘नको’ म्हणत असेल तर ते ‘नको’ ऐकलं गेलं पाहिजे. स्वतःचं मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्याच कराराच्या बाराव्या कलमात आहे. माझं मत विचाराल तर, संशयाच्या प्रसंगी भेट थोडी उशिरा सुरू झाली तरी चालेल. घाईने सुरू करून पुन्हा बंद पडण्यापेक्षा ते बरं.

## रात्रंदिवस पहारा

आता त्या बघण्याकडे येऊ. विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांनी २००२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर चेहऱ्याचं चित्र आधी इतकं धूसर, की काही कळू नये. मग ते टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणार. चेहऱ्यावर कोणता भाव आहे ते मुलांनी ओळखायचं. ज्यांनी घरी मार खाल्ला होता त्या मुलांनी राग इतरांच्या खूप आधी, चित्र बरंच धूसर असतानाच ओळखला. आनंद किंवा इतर भावांच्या बाबतीत त्यांना अशी आघाडी नव्हती. नजर सर्वसाधारणपणे तीक्ष्ण नव्हती, ती फक्त रागासाठी तीक्ष्ण झाली होती.

यात मुलाचा काही दोष किंवा बिघाड नाही. ज्या घरात आवाज चढल्यापासून हात उठेपर्यंत चार सेकंद मिळतात, तिथे ती चार सेकंद आधीच ओळखणारं मूल वाचतं. अडचण अशी, की घर बदललं तरी ही सवय मागे राहत नाही. रस्त्यावर उभ्या गाडीचा अलार्म आठवा. चोराने काच फोडली की वाजावा म्हणून तो बसवलेला असतो. पण एखादा फार नाजूक लागलेला असतो. मांजराने टपावर उडी मारली तरी सगळी गल्ली जागी. अत्याचारातून आलेल्या मुलाचा अलार्म तसा लागलेला असतो. वर्गात कोणी पुस्तक आपटलं, कोणी मागून खांद्यावर हात ठेवला, की छाती धडधडते आणि हातपाय गार पडतात. मग ते मूल पळतं, मारतं किंवा गप्प होऊन कुठेतरी निघून जातं, बसल्या जागीच. मानसशास्त्रात याला ‘आघात’ म्हणतात, इंग्रजीतला ट्रॉमा. जी घटना घडली ती म्हणजे आघात नव्हे. घटना संपल्यावरही शरीर ती संपली असं मानायला तयार होत नाही, ती अवस्था म्हणजे आघात.

आता त्या तिसऱ्या खुर्चीचं काम कळेल. एरवी घरातला पहारेकरी मूलच असतं. पाच वर्षांचं, सात वर्षांचं, आणि त्याला सुट्टी नाही. देखरेखीखालच्या भेटीत पहाऱ्याची पाळी एक मोठं माणूस घेतं. दारावर लक्ष मी ठेवते, आवाज चढला तर मी थांबवते, तू खेळ. निरीक्षक हे तोंडाने म्हणतेच असं नाही. पण हे मुलाच्या शरीराला पटवून देणं, हाच या भेटीचा सगळा खेळ आहे. आणि ते एका भेटीत पटत नाही.

## एक तास, जवळून

समजा, सहा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील. खाली अंथरलेली सतरंजी, लाकडी ठोकळ्यांचा डबा, भिंतीपाशी निरीक्षकाची खुर्ची. निरीक्षकाच्या वहीतल्या नोंदी अशा असतील (या मी नमुन्यासाठी रचल्या आहेत):

४.०५: वडील खाली बसले. मुलगी माझ्या खुर्चीच्या मागे उभी.
४.०९: वडिलांनी ठोकळे सतरंजीवर ओतले. मोठा आवाज. मुलीचे दोन्ही हात कानांवर. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
४.१०: वडील म्हणाले, ‘चुकलं, फार आवाज झाला.’ पुढचे ठोकळे एकेक करून ठेवले.
४.१६: मुलगी खुर्चीच्या पुढे आली. बसली नाही.
४.३१: वडील म्हणाले, ‘तुझी आई मला...’ मी म्हटलं, ‘आपण खेळाबद्दलच बोलू.’ वडील थांबले.

या नोंदीत ‘मुलगी घाबरली’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘वडील प्रेमळ वाटले’ असंही नाही. चांगला निरीक्षक दिसलं ते लिहितो, वाटलं ते लिहीत नाही. ही वही उद्या न्यायाधीशांसमोर जाऊ शकते, आणि ‘वाटलं’ या शब्दावर दोन्ही बाजूंचे वकील तासभर भांडतात. शिवाय हीच वही पालकाचंही रक्षण करते. भेटीत त्याने काही केलं असा आरोप पुढे झालाच, तर काय घडलं याचा मिनिटामिनिटाचा दाखला तिथे असतो. अपमान वाटणाऱ्या पालकांनी निदान हा भाग जरूर लक्षात घ्यावा.

या नोंदींमध्ये माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे ती ४.१० ची. आवाज झाला ही चूक नव्हे. हातून आवाज सगळ्यांच्याच होतो. पण मुलीला दचकलेलं वडिलांनी पाहिलं, ‘एवढ्याशा आवाजाला काय घाबरतेस’ असं म्हटलं नाही, आणि पुढचा ठोकळा वेगळ्या रीतीने ठेवला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आया आणि तान्ह्या बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यात असं दिसलं, की निरोगी जोड्यांचेही सूर फक्त तिसेक टक्के वेळच जुळलेले असतात. बाकीचा वेळ सूर हुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यातच जातो. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळवण्यातून. अत्याचारी घरात हीच दुसरी पायरी गायब असते. तिथे चूक होते आणि तिच्यावर पांघरूण पडतं, किंवा दोष मुलाच्याच माथी मारला जातो.

## ‘भेटून आलं की मूल रडतं. मग कशाला?’

घरच्यांचा सर्वांत मोठा आक्षेप हाच असतो. भेटीच्या रात्री झोप नाही, अंथरूण ओलं, दुसऱ्या दिवशी शाळेत मारामारी. मग साहजिकच वाटतं, भेट बंद केली की सगळं शांत.

ही शांतता फसवी असू शकते, हे जगाला एका वेगळ्याच ठिकाणी कळलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या रुग्णालयांत लहान मुलांना आई-वडिलांनी भेटण्यावर कडक बंधनं असत. आई भेटून गेली की मूल आकांत करतं, एरवी ‘रुळलेलं’ असतं, असा परिचारिकांचा अनुभव. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं, की ते रुळणं नव्हतंच. मूल आधी रडून विरोध करतं, मग खचतं, आणि शेवटी आई येण्याची आशाच सोडून देतं. त्या शेवटच्या अवस्थेला मोठी माणसं शहाणपण समजत होती. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने भेटीची बंधनं उठवण्याची शिफारस केली.

पण ही गोष्ट अर्धवट वापरली तर घातक ठरते. त्या मुलीच्या आईने तिला छळलेलं नव्हतं. छळ झालेल्या मुलाचं रडणं विरहाचं असू शकतं आणि खऱ्या भीतीचंही. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो एका रात्रीतून नाही, आठवड्यांच्या ओळीतून. भेटीनंतर बिनसतं, पण दर वेळी लवकर निवळतं आणि मूल पुढच्या भेटीचा वार विचारतं, तर बहुधा ते पुन्हा जोडलं जाण्याचं दुखणं आहे. भेटीच्या दोन दिवस आधीपासूनच पोट दुखायला लागतं, दर वेळी जास्त दिवस बिनसतं, जुन्या इजांची भाषा खेळात परत येते, तर थांबून समुपदेशकाकडे आणि कोर्टाकडे जायला हवं. त्यासाठी घरच्यांनी एका साध्या वहीत तारीख, झोप, जेवण, शाळा एवढं लिहीत गेलं तरी पुष्कळ. ‘फार त्रास होतो’ या तीन शब्दांपेक्षा ते पान जास्त बोलतं.

## ‘तासभर कोणीही गोड वागेल’

वागेल. खरंच वागेल. अशा दहा छान भेटी म्हणजे पालक सुधारल्याचा दाखला नव्हे, आणि तसा तो वापरला जातो ही या व्यवस्थेतली खरी कमजोरी आहे. प्लास्टर घातलं म्हणजे हाड जोडलं गेलं, असं आपण म्हणत नाही. प्लास्टर हाडाला हलू देत नाही. जोडलं जाण्याचं काम हाडालाच करावं लागतं. इथे ते काम पालकाचं आहे आणि ते बहुतांशी या खोलीबाहेर होतं: व्यसनमुक्ती, रागावरचा उपचार, आणि मुलाशी वागायचं कसं हे अक्षरशः शिकणं.

शिकता येतं का? शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. पालक मुलाशी खेळत असतो, समुपदेशक एकतर्फी दिसणाऱ्या काचेपलीकडे बसून त्याच्या कानातल्या यंत्रात हळूच सांगत जातो: आता तिने काय केलं ते नुसतं बोलून दाखवा, आता थांबा, आता कौतुक करा. मुलांना मारहाण केलेल्या ११० पालकांवर अमेरिकेत हीच पद्धत वापरून पाहिली गेली, आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ८५० दिवसांनंतर, नेहमीचे पालकत्वाचे वर्ग केलेल्यांपैकी ४९ टक्के पालकांविरुद्ध मारहाणीची पुन्हा तक्रार आली होती. कानात सूचना घेत शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. वर्गात ऐकलेलं आणि मुलासमोर हातून घडलेलं यात एवढं अंतर पडतं. पण १९ म्हणजे शून्य नव्हे. म्हणूनच तिसरी खुर्ची लगेच उचलायची नसते.

## ज्यांचं स्वतःचं बालपण असंच गेलं

‘मार खाल्लेलं मूल मोठं होऊन मारणारच.’ हे वाक्य जितकं प्रचलित, तितकंच क्रूर. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी तोवर झालेलं संशोधन तपासून १९८७ मध्ये मांडलं, की बालपणी छळ सोसलेल्या पालकांपैकी साधारण ३० टक्के तो पुढे चालवतात. सर्वसाधारण प्रमाणापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, चिंता करण्याजोगं आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की दहातले सात जण ही साखळी तोडतात.

हे सात जण वेगळं काय करतात? मिनेसोटात बायरन एगलँड आणि सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या आयांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९८८ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, साखळी तोडणाऱ्या आयांच्या बालपणी न छळणारं, मायेने आधार देणारं एखादं मोठं माणूस होतं, किंवा आयुष्यात कधीतरी त्यांनी दीर्घ मानसोपचार घेतला होता, आणि त्यांना स्थिर, आधार देणारा जोडीदार होता. त्याआधी १९७५ मध्ये सेल्मा फ्रायबर्ग यांना आणखी एक बारकावा दिसला होता. आपल्याला मारलं गेलं हे आठवणं पुरत नाही. त्या वेळी आपल्याला कसं वाटलं होतं, ते ज्यांना आठवतं ते पालक मुलावर हात उगारताना थांबतात. ‘मलाही बडवलं, माझं काय बिघडलं?’ असं म्हणणाऱ्याला घटना आठवत असते, पण भीती मात्र त्याने कुलूप लावून ठेवलेली असते.

म्हणून भेटीला येणाऱ्या आईच्या मागे तिचं स्वतःचं बालपणही खोलीत शिरत असतं. मुलाने पाठ फिरवली की तिला ते मूल दिसत नाही, तिला नाकारणारी तिची आई दिसते. हे कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. त्याने तिच्या हातून घडलेलं माफ होत नाही. पण तिला मदत न देता नुसतं भेटीला बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याची खोली सांगण्यासारखं आहे.

## घरी थांबलेल्या माणसाचं काम

हे काम अवघड आहे, कारण ते बहुतांशी गप्प राहण्याचं आहे. मूल परतलं की दारातच ‘काय म्हणाले? काही बोलले का माझ्याबद्दल?’ सुरू झालं, की मुलाचा पहारा पुन्हा चालू. आता त्याला दोन्हीकडची तोंडं सांभाळायची असतात. त्यापेक्षा ‘आलास? बरं झालं, चल हातपाय धू’ पुरे. सांगायचं असेल तेव्हा ते सांगेल, बहुतेक झोपताना, दिवा मालवल्यावर. तेव्हा ऐकायचं. काही गंभीर सांगितलं तर स्वतः उलटतपासणी न घेता मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे आणि संबंधितांना कळवायचे. घरी खोदून विचारलेलं पुढे कोर्टात ‘पढवलेलं’ ठरू शकतं.

भेटीला निघताना ‘जा, मजा कर’ म्हणायला जीभ रेटत नसेल तर म्हणू नये. मुलांना खोटं लगेच कळतं. ‘तिथे ताई असणार आहेत. तुला नको वाटलं तर त्यांना सांग. साडेपाचला मी दारात आहे.’ आणि साडेपाचला खरंच दारात असायचं.

## जखम भरते म्हणजे काय?

विसरणं नाही, आणि माफ करणंही नाही. माफी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मुलावर ती लादणं म्हणजे पुन्हा त्याच्याच खांद्यावर ओझं. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. क्रम महत्त्वाचा. घर अजून असुरक्षित असताना मुलाला ‘सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल’ म्हणणं चूक आहे. मुलांसाठीच्या ज्या उपचारपद्धतीला भक्कम पुरावा आहे, तीही साधारण १२ ते १६ सत्रांत हळूहळू आठवणीकडे जाते. आधी शरीर शांत करायला शिकवते, आणि न छळणाऱ्या पालकालाही सोबत घेते.

१९९८ पासून अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा आणि मोठेपणीच्या आजारांचा संबंध दाखवला. १७ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती त्यात होती. त्यातून अनुभव मोजून ‘गुण’ काढायची टूम निघाली. लोक स्वतःचे गुण मोजतात आणि हबकतात. एकेका माणसाचं भवितव्य या आकड्यावरून सांगता येत नाही, असं खुद्द आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं. याची दुसरी बाजू हवाईमधल्या काउआई बेटावर दिसते. एमी वर्नर यांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. ते आई-वडीलच असतील असं नाही.

## हे किती दिवस चालायचं?

ठरावीक उत्तर नाही. खोलीतून आवारात, एका तासाचे दोन तास, मग निरीक्षक फक्त सुरुवातीला आणि शेवटी, अशी मोकळीक जिन्यासारखी एकेक पायरी वाढत जाते. जिना उतरावाही लागतो. व्यसन परतलं तर पुन्हा खोलीत. प्लास्टर फार दिवस ठेवलं तर सांधा आखडतो, हेही खरं. वर्षानुवर्षं सतरंजीवर ठोकळे खेळणाऱ्या मुलाला एव्हाना मिसरूड फुटलेलं असतं. केंद्रं कमी आहेत, म्हणून कधी मामाला किंवा आत्याला निरीक्षक नेमतात. नातेवाईक मायेचे असतात, पण त्यांची बाजू आधीच ठरलेली असते, किंवा दहाव्या मिनिटाला ते मोबाइल काढतात. मुलाला हे लगेच दिसतं, आणि पहारा परत त्याच्याकडे येतो.

त्या रचलेल्या वहीचं आणखी एक पान, काही महिन्यांनंतरचं:

४.०३: मुलगी थेट सतरंजीवर. दाराकडे पाठ.
४.१४: बाहेर कोणाचं तरी काहीतरी पडलं. वडील दचकले. मुलीने मान वर केली नाही.
४.२२: मुलीने विचारलं, ‘ताई, तुम्ही सारखं काय लिहिता?’ मी म्हटलं, ‘तू काय बांधलंस ते.’ ती म्हणाली, ‘मग नीट लिहा. घर नाहीये ते, जिना आहे.’